गोळ्यांचा वानवळा

तिसगाव,
ज्येष्ठ वद्य पंचमी, रविवार (१९७१)

चि. पुष्पावती हिस तिसगावहून तुझ्या आजीचे अ. उ. आ. वि. वि. मी परवा दिवस मावळायच्या आत घरी पोचले. यष्टीत नगरपर्यंत खिडकीची जागा मिळाली. नगरपासून पुढं कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसावं लागलं, पण कोंबड्या स्वभावानं गरीब होत्या.

अक्षर वाकडं दिसलं तर हसू नको. तिसरीत होते तेव्हा लग्न ठरलं, तिथून पुढची शाळा चुलीपुढंच झाली. एरवी माझी पत्रं तुझे दादा लिहून देतात. पण या बायकांच्या गोष्टी लेकाला कशा सांगायच्या, म्हणून आपणच पेन हातात धरलं. धरल्यावर कळलं की लाटण्यापेक्षा हलकं असतं, उगाच भीत होते.

घरी आल्याबरोबर सगळी गोळा झाली, पुण्याच्या दवाखान्यात काय निघालं म्हणून. मी सांगितलं, रक्तात तूप निघालं. तुझे आजोबा म्हणाले, तरीच. चाळीस वर्षं मी विचारतोय की या घरातलं तूप जातं कुठं. तुझी आई तोंडाला पदर लावून आत पळाली. मग मी नीट बसून, तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच सांगितलं. बाईची पाळी गेली की तिच्या अंगात आपोआप तयार होणारा एक रस आटतो. तो आटला की अंगाची अशी भट्टी पेटते, आणि काही बायकांच्या रक्तात चरबी वाढते, तिला कोलेस्टेरॉल म्हणतात. तो शब्द मी न चुकता म्हणून दाखवला. आपल्या आळीत हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला, हे तुझ्या शिक्षणाचं पुण्य.

गोळ्यांची बाटली देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली आहे. तीन आठवडे रोज एक खायची, मग एक आठवडा बंद, मग परत सुरू. लक्षात आहे. शेजारची भीमा बाटली बघायला दोनदा येऊन गेली. बिचारीची भट्टी माझ्याहून मोठी. भर पंगतीत वाढता वाढता तिला घाम फुटतो, आणि लोकांना वाटतं आमटी तिखट झाली.

आता खरी बातमी, जी मी मुद्दाम शेवटाला ठेवली. यंदा घट माझ्याकडे आला. तुला ठाऊक आहे, आपल्या घरात नवरात्रात घटापाशी नऊ दिवस बसायचं, दिवा राखायचा, माळ चढवायची, हे काम ज्या बाईची पाळी गेली आहे तीच करते. आधी सासूबाईंनी केलं, मग थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे तुझ्या आक्काआजीनं. मी दाराबाहेर उभी राहून फुलं देत होते. किती वर्षं ते मोजत नाही, पण फुलं देणारा हात काळ्याचा पांढरा झाला. पाळी गेल्यावरही चार वर्षं वाट पाहिली, कारण आक्काबाई काही जागा सोडीनात. यंदा त्यांचे डोळे फार गेले. मोतीबिंदू दोन्हीकडं उतरला आहे, समोर कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. काल संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या की मला दिवा दिसत नाही, मी तो काय राखणार. यंदा तू बस. एवढंच बोलून लगेच वळून सुनेला ताकाबद्दल बोलल्या, म्हणजे मला काही म्हणायला जागा राहू नये.

पुष्पे, मला रात्री झोप आली नाही, आणि या खेपेस भट्टीमुळं नाही.

आमची सर्वांची खुशाली आहे. तुझ्यावरचा जीव आहे तिथंच आहे, तू तुझा थोडा इकडं पाठव.

तुझी आजी,
मनकर्णा

*

पुणे,
२१-६-७१

ती. आजीस पुष्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वसतिगृहातल्या चौघींनी वाचलं. कोंबड्या स्वभावानं गरीब होत्या, या वाक्यावर सगळ्या हसून बेजार झाल्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. डॉक्टर होता होता माझं पार बिघडलं.

घटाची बातमी वाचून फार आनंद झाला. तुला आठवतं का, मी लहानपणी विचारायची की आजी, तू दारातच का उभी असतेस? तू म्हणायचीस, माझी पाळी यायची आहे. मला वाटायचं, रांगेतली पाळी. ती यायला दुसरी पाळी जावी लागते, हे मागाहून कळलं.

आता डॉक्टरीणबाईंच्या वतीनं चार शब्द. तूप आणि लोणी कमी. अजिबात नको असं म्हणत नाही, तुझा विश्वास बसणार नाही. भाजीला करडईचं तेल वापर, ते आपल्याकडं घाण्याचं चांगलं मिळतं. गोळीनं अंगाची लाही लवकर थांबेल. कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं असं दिसून आलं आहे. पण त्यानं काळजाचे विकार टळतात का, हे अजून जगात कुणालाच पक्कं माहीत नाही. म्हणून बाई गोळ्या थोड्याच महिन्यांसाठी देतात आणि तपासत राहतात. तू अमृत समजून घेऊ नकोस.

बाईंनी गोळीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती भेटीत सांगेन. पत्र दादांच्या हातात पडायचं, आणि मला लिहायलाच अवघड वाटतं. काही निराळं जाणवलं तर मात्र लगेच कळव.

आजोबांना आणि आक्काआजीला नमस्कार. भीमाकाकूंना सांग, त्यांच्या आमटीत खरंच तिखट जास्त असतं. लोभ करतेसच, तो पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
पुष्पा

*

तिसगाव,
श्रावण शुद्ध षष्ठी

चि. पुष्पावतीस आजीचे अ. उ. आ. वि. वि. काल नागपंचमी झाली. मी झोका खेळले. ते वाचून डोळे मोठे करू नको. वडाच्या झाडाला पोरींनी झोका बांधला होता, त्या म्हणाल्या आजी बसा, मी बसले. तुझ्या आजोबांनी लांबून पाहिलं आणि दुसऱ्या वाटेनं घरी गेले, ओळख दाखवली नाही.

भट्टी विझली ग माझी. आधी चार दिवस काही कळलं नाही. मग एकदा पहाटे जाग आली आणि लक्षात आलं की लुगडं कोरडं आहे, उशी कोरडी आहे, आणि मी आजोबांवर अजून एकदाही वैतागले नाही. चुलीपुढं बसलं तरी आता चुलीचीच ऊब लागते, अंगातली निराळी नाही. परवा भाकरी थापताना ओवी तोंडात आली. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, मी या घरात आल्यापासून तुम्हाला गाताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, घसा त्या घामातच वाहून जात होता.

तूप कमी केलं आहे. म्हणजे भाकरीवर घेत नाही. वरणावर घेते, कारण वरणाला तूप नाही म्हणजे वरणाचा अपमान. करडईचं तेल आणलं. आजोबा म्हणतात बायकोच्या रक्तापायी नवऱ्याच्या जिभेला शिक्षा. पण पानात काही उरत नाही.

एक सहज विचारते. ही गोळी माझ्यासारख्याच दुसऱ्या बाईला चालते का? सहजच. आणि अर्धी गोळी अर्धं काम करते का पुरं? भीमाला हल्ली जरा बरं वाटतं आहे. श्रावणाची हवा असेल. आजोबा दिवसभर अडकित्ता शोधत फिरतात, सुपारी दातानं फोडावी लागते म्हणून तक्रार करतात. घरातली वस्तू जागेवर ठेवायची सवय पुरुषांना नाही.

घटाची तयारी आत्ताच मनात सुरू झाली आहे. काळी माती कुठल्या बांधावरची आणायची ते ठरवलं. तीळ आणि कारळं पेरलेलं आहे, माळेला फुलं घरची होतील. आक्काबाईंनी मला माळ ओवून दाखवायला सांगितलं, आणि बोटांनी चाचपून म्हणाल्या, फुलं दाटीत ओवतेस, देवीला गुदमरल्यागत होईल. त्यांना दिसत नसलं तरी त्या जास्त बघतात.

तू जेवत जा. शिकणाऱ्या पोरीच्या रक्तात थोडं तूप असलं तरी चालेल. आशीर्वाद ओतून पाठवते, भांडं मोठं ठेव.

तुझी आजी,
मनकर्णा

*

तिसगाव,
श्रावण वद्य नवमी

चि. पुष्पावतीस आजीचे अ. उ. आ. वि. वि. हे पत्र मी पडवीत बाजूला बसून लिहिते आहे. मला कावळा शिवला.

एकदा वाचून खोटं वाटलं असेल, म्हणून परत लिहिते. चार वर्षांनी, नातीचं डॉक्टरकीचं शिक्षण संपत आलं असताना, तुझ्या आजीला कावळा शिवला. परवा सकाळी विहिरीवरून आले आणि पाहिलं. आधी वाटलं कुठं लागलं. मग समजलं, आणि काय करावं ते समजेना. तुझ्या आईला हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं, आणि ती जी हसायला लागली ती खालीच बसली. मग मीही हसले. दोघी पडवीत हसतोय आणि तुझे आजोबा विचारतात काय झालं. कोण सांगणार? शेवटी तुझ्या आईनं लांबूनच सांगितलं की आत्याबाई तीन दिवस बाजूला आहेत.  आजोबांनी टोपी घातली आणि देवळात जाऊन बसले.

मजा अशी आहे की सगळी कामं बंद. रांजण आजोबांनी भरला, निम्मं पाणी अंगणात सांडलं. सून ताट पुढं आणून ठेवते. भीमा येऊन लांबून बसते आणि गावभरचं सांगते. म्हातारपणी माहेरी आल्यासारखं झालं.

पण पुष्पे, खरं सांगते. काल आक्काबाई काठी टेकत आल्या. पडवीच्या पायरीपाशी थांबल्या, आत आल्या नाहीत. विचारलं खरं का. मी हो म्हणाले.  त्या म्हणाल्या, मग घट तुझा न्हाई. माझ्या आंधळ्या हातानंच बसवीन, न्हाईतर यंदा भटजीच्या घरून आणू. रागानं बोलल्या नाहीत. त्यांनाही वाईट वाटलं होतं, काठी उगाच इकडंतिकडं टेकवत होत्या. मी म्हणाले, बरं.  त्या गेल्यावर भीमालाही जायला सांगितलं.

गोळ्या सोडू का? सोडल्या तर भट्टी परत पेटेल आणि रक्तात तूप साचेल. नाही सोडल्या तर घट जाईल. दोन्ही माझ्याच अंगातलं, आणि माझं कुणी विचारत नाही. गोळ्या तशाही संपल्या आहेत, जरा आधीच संपल्या.

तूच सांग. तुझ्यावर जितका जीव तितकाच भरवसा.

तुझी आजी,
मनकर्णा

*

पुणे,
१९-८-७१

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तसं धावत बाईंकडं गेले. हसू नकोस, आणि मीही हसत नाही. पाळी गेल्यावर चार वर्षांनी रक्त दिसलं तर ते तपासून घ्यावंच लागतं. बहुतेक ते गोळीमुळंच आहे, पण बहुतेक या शब्दावर मी माझ्या आजीला सोडणार नाही. दादांना घेऊन याच आठवड्यात ये. पिशवी आतून तपासतील, एक रात्र राहावं लागेल, मी शेजारी असेन.

चूक माझी आहे. बाईंनी सांगितलं होतं की गोळी थांबवली की असं थोडं जाऊ शकतं. मी लाजले आणि लिहिलं नाही. इथं रोज पन्नास बायकांना विचारते आणि आजीला सांगताना जीभ अडखळली.

पण एक कोडं सुटत नाही. हिशेबानं तुझ्या गोळ्या अजून संपायला नको होत्या. मी तुझं मागचं पत्र परत वाचलं. आजी, आजोबांचा अडकित्ता कुठं आहे?

खरं खरं लिही किंवा येऊन सांग. रागावणार नाही. लवकर ये एवढाच लोभ दाखव.

तुझी,
पुष्पा

*

तिसगाव,
भाद्रपद शुद्ध द्वितीया

चि. पुष्पावतीस आजीचे अ. उ. आ. वि. वि. अडकित्ता सापडला. फडताळात, बाटलीमागं.

तू अर्धं ओळखलंस, बाकीचं मी सांगते. आपल्याकडं शेतात पहिला हरभरा आला तरी त्याचा वानवळा शेजारी जातो. हुरडा जातो, चीक जातो, नव्या गुळाचा खडा जातो. घरात गुण देणारी गोळी यावी, शेजारीण घामानं निथळत समोर बसलेली असावी, आणि मी एकटीनं ती गिळावी, हे माझ्या हातून होईना. पहिले तीन आठवडे नेमानं घेतली. पुढच्या खेपेपासून भीमाला वाटेकरी केलं. अडकित्त्यानं अर्धी करायची, अर्धी तिला अर्धी मला. अडकित्त्यानं कधी सारखी होत नाही, मग मोठा तुकडा तिला, कारण वानवळा देताना लहान वाटा देत नाहीत. काही दिवशी तुकडे उडून चुलीत गेले, मग दुसरी गोळी फोडायची. तशा त्या आधीच संपल्या.

आता कळलं की औषधाचा वानवळा नसतो. भीमाही माझ्याबरोबर येते आहे, तिला काही झालं नाही पण बाईंना दाखवायला हवं. यष्टीत पुढच्या बाजूला बसणार आहोत.

आजोबांनी अडकित्ता घासून पुसून परत घेतला. त्यांची पहिली सुपारी कडू लागली म्हणे.

राग आला तर मला भेटेपर्यंत ठेव, तोंड बघून जाईल.

आजी

*

पुणे,
९-९-७१

ती. आजीस पुष्पाचा सा. न. वि. वि.

तुम्ही दोघी गेल्यापासून वॉर्ड सुना झाला आहे. नर्स विचारतात, त्या नगरच्या आजी कुठं गेल्या, ज्यांनी भूल उतरता उतरता आम्हाला ओवी म्हणून दाखवली.

निकाल आला. सगळं स्वच्छ आहे. मी कागद हातात घेऊन जिन्यातच बसले होते. आता मोकळेपणानं सांगते, त्या चार दिवसांत मला जेवण गेलं नव्हतं.

कोलेस्टेरॉल तीनशेवीसचं दोनशेऐंशी झालं आहे. गोळीनं किती आणि करडईनं किती, ते सांगता येत नाही. भीमाकाकूंचं मात्र पहिल्यापासून उत्तम आहे. त्या म्हणाल्याच होत्या की आमची म्हैस आटलेली, रक्तात तूप यायचं कुठून? त्यांना त्यांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या आहेत. त्या त्यांच्या, तुझ्या तुझ्या.

आता घटाचं. विटाळ मी मानत नाही, हे तुला माहीत आहे. तू दवाखान्यात म्हणालीस ते मी विसरले नाही, की तुझं मानणं तुझ्यापाशी, माझी आक्काबाई माझ्यापाशी. म्हणून मी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी चष्मा पुसला आणि शिपायाला पंचांग आणायला पाठवलं. मग आम्ही दोघींनी टेबलावर पंचांग पसरून घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत बोट फिरवलं. रक्त येतं ते गोळी थांबवल्यावर. तेव्हा गोळी अशी सुरू करायची की बंद ठेवायचा आठवडा दसऱ्यानंतर पडेल. सोबत तारखा लिहून दिल्या आहेत. एकही चुकवायची नाही आणि एकही वाटायची नाही. तरीही एखादा ठिपका दिसू शकतो, ती शंभर टक्के हमी बाई देत नाहीत. दिसला तर घाबरायचं नाही, मला कळवायचं आणि दिवाळीआधी दाखवायला यायचं.

उपासाला भगर आणि ताक. साबुदाण्याची तुपात लोळलेली खिचडी नाही.

बाई म्हणाल्या, त्यांच्या आईकडंही घट असायचा.  तुझ्या आशीर्वादांतला थोडा वाटा त्यांनाही दे; तो वानवळा चालतो.

तुझी,
पुष्पा

*

तिसगाव,
भाद्रपद वद्य दशमी

चि. पुष्पावतीस आजीचे अ. उ. आ. वि. वि. आक्काबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पंचांगाचं ऐकून म्हणाल्या की डॉक्टरीण चांगल्या घरातली दिसते. मग विचारात पडल्या. देवीला फसवल्यासारखं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आक्काबाई, ताप आला तर आपण गोळी घेऊन देवळात जातोच की.

त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. नऊ दिवसांत काही दिसलं तर मी आपण होऊन सांगायचं आणि उठायचं. लपवायचं नाही. मला त्यांनी हातावर हात ठेवून शब्द द्यायला लावला. मी दिला. तुमच्या बाई हमी देत नाहीत हे पाठ असूनही दिला.

आता मोहट्याच्या देवीकडून ज्योत आणायला पोरं जातील. माती चाळून ठेवली आहे. बाकी देवीची मर्जी आणि तुमचं पंचांग. दोघांचं जमावं असा आशीर्वाद मीच तुझ्याकडं मागते.

आजी

*

तिसगाव,
आश्विन शुद्ध द्वादशी

चि. पुष्पावतीस आजीचे अ. उ. आ. वि. वि. कालपरवा लिहायचं होतं, पण दसऱ्याचं सोनं वाटण्यात हात रिकामा नव्हता. आता सगळं क्रमानं सांगते, मध्ये भलतीकडं जाणार नाही. गेले तर परत येईन.

घट बसला. परडीत काळी माती, त्यात सात धान्यं, मध्ये पाण्याचा घट, शेजारी दिवा. तुझ्या आईनं दारात उभं राहून फुलं दिली. तिचा हात पुढं आला तेव्हा मला माझाच हात दिसला, फक्त बांगड्या निराळ्या. मी तिला म्हणाले, तुझी पाळी यायची आहे. ती म्हणाली, मला घाई नाही आत्याबाई, मला अजून पडवीतला आराम हवा आहे. भलती चावट झाली आहे ती.

दिवा एकदाही विझला नाही. तिसऱ्या दिवशी कोंब वर आले, पाचव्या दिवशी बोटभर झाले. आक्काबाई रोज सकाळी येऊन माझ्या उजव्या बाजूला बसायच्या. दिसत नाही, पण माळ चाचपून ओवायच्या. मी फुलं लावून द्यायची आणि त्यांनी ओवायची असा नेम पडला. तिळाची फुलं संपली की कारळ्याची. अधूनमधून कोंबांवरून तळहात फिरवायच्या आणि म्हणायच्या, दाट आलंय. बास, एवढंच. पण आक्काबाईंच्या तोंडून दाट आलंय म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं कीर्तन.

भगर खाल्ली, ताक प्यायले. एक दिवस रताळं तुपात परतून खाल्लं, ते तुझ्या बाईंना सांगू नको.

सातव्या माळेचा दिवस उजाडला. आंघोळीला गेले आणि पाहिलं. एवढासा ठिपका, कुंकवाच्या बोटाएवढा. गोळी मी रोज घेतली होती, पुष्पे, एकही चुकवली नव्हती. तुझी आई समोर होती. तिनंही पाहिलं, आणि हळूच म्हणाली की आत्याबाई, कुणाला कशाला कळायला हवं.  मला पण तसंच म्हणावंसं वाटत होतं ग. दोनच दिवस राहिले होते. पण हातावर हात ठेवलेला होता.

घटाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले, जिथं आयुष्यभर उभी राहिले होते तिथंच. आक्काबाई आत माळ ओवत बसल्या होत्या. मी म्हणाले, आक्काबाई, मला दिसलंय. मी आत येत नाही.

त्यांचा हात थांबला नाही. सुई फुलातून गेली, दोरा ओढला. त्यांनी विचारलं किती. मी सांगितलं. विचारलं गोळी चुकवलीस का. मी नाही म्हणाले. मग माझ्याकडं तोंड वळवलं. डोळे पांढरे झालेले, पण नेमके माझ्यावर.

म्हणाल्या, "मनकर्णे, मला काय दिसत न्हाई म्हणून तर घट तुझ्याकडं आला. ज्या डोळ्यांनी तुला बसवलं, त्या डोळ्यांनी काय पाह्यलं न्हाई. आन् ह्या घरात जे मला दिसत न्हाई ते झालेलं नसतं. तू सांगितलंस, शब्द पाळलास, माझं भागलं. ये आत. माळ अर्धी राह्यलीय."

मी उंबऱ्यावरच रडले. त्या वैतागल्या, म्हणाल्या फुलं सुकत्यात. मग मी आत गेले, बसले, आणि फुलं लावून देऊ लागले. तुझी आई दारात उभी राहून नाक ओढत होती, आणि आजोबा बाहेरून विचारत होते की आता काय झालं. या घरात त्यांना कधी कुणी काही सांगतच नाही.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. दसऱ्याला घट उठला. सोबत कागदाच्या पुडीत कोंब पाठवते आहे. एक तू केसात खोव, एक तुमच्या बाईंना दे, आणि सांग की पंचांग तुमचं बरोबर निघालं, एवढ्याशा ठिपक्याचं काय ते देवी आणि आक्काबाई यांच्यात मिटलं. हा वानवळा मात्र मी हक्कानं पाठवते.

आज गोळ्या बंद केल्या, तुमच्या कागदाप्रमाणं. दोनचार दिवसांत पडवीत बसेन असं दिसतं. आक्काबाईंनी कळवलं आहे की त्याही येऊन बसणार, लांब, पण पडवीतच. म्हणतात, तिथं सून ताट आणून देते, मग मी एकटीनं घरात काय म्हणून बसू?

ठिपका दाखवायला मी दिवाळीआधी पुण्याला येते, तू बजावलं आहेस तसं. येताना आक्काबाईंना आणते. मोतीबिंदू काढायला त्या तयार झाल्या. आजवर नाही म्हणत होत्या, आता म्हणतात मनकर्णेच्या रक्तातलं तूप जिथं दिसतं तिथं माझ्या डोळ्यांतलं फूल पण दिसेल. तेवढी चांगल्या डॉक्टरची सोय करून ठेव.

मी काल भीत भीत त्यांना विचारलं की डोळे आले म्हणजे पुढच्या नवरात्रात काय काय बघाल. त्या म्हणाल्या, तू माळा किती दाटीत ओवतेस ते एकेक करून बघीन. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, सातवी सोडून.

पोटभर आशीर्वाद. यंदा तुझ्या पत्राला उत्तर यायला उशीर झाला तर समज की आम्ही दोघी पडवीत आहोत आणि पेन आत राहिलं आहे.

तुझी आजी,
मनकर्णा